तिसऱ्या पायरीवर बसलेली

अन्वी चार वर्षांची होती तेव्हा आईबरोबर देवळात यायची. माळ्यावर, जिथे ऑर्गन होता तिथे जायला एक अरुंद दगडी जिना होता. शुभदा खाली बाकं पुसत असायची आणि ही पोरगी नुसती वरखाली, वरखाली. एक, दोन, मग उडी, मग चार. उतरतानाही तेच. तिसऱ्या पायरीवर तिने कधी पाय ठेवला नाही.

“अगं पडशील! ती पायरी काय चावते का तुला?”

“दा झिट्स्ट डोख येमांट,” अन्वी कमरेवर हात ठेवून म्हणाली. तिथे कुणीतरी बसलंय ना! आईला एवढंही दिसत नाही, याचा वैताग तिच्या तोंडावर होता.

“कोण बसलंय?”

“माइने गूटं, मामा!” जर्मन पोरांसारखी ती आईला ‘मामा’च म्हणे. “एक मुलगी.”

शुभदा हसली आणि बाक पुसायला लागली. पण फडकं पुन्हा बादलीत बुडवताना तिने एकदा जिन्याकडे पाहून घेतलं.

नगरची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात. न्युरेम्बर्गजवळच्या या लुथरन चर्चची देखभाल करायला लागल्यावरही शुभदा चक्रनारायणच्या तोंडातून तो शब्द गेला नाही. जर्मन माणसांना तिचं आडनाव पेलवायचं नाही. ती तिला ‘फ्राऊ चाक्रा’ म्हणत. फ्राऊ चाक्रा मेणबत्त्या बदली, घंटेची वेळ पाही, भजनांचे आकडे फळीवर लावी. दुपारी देवळात ती एकटीच असे. आणि कधीकधी, उन्हाचा पट्टा बाकांवरून सरकत असताना, तिला जिन्यावर पावलं ऐकू येत. लहान, अनवाणी. वरून धावत येत आणि खालून तिसऱ्या पायरीशी थांबत. तिथून पुढे कधीच येत नसत.

अन्वी मोठी झाली, शाळेत गेली, देवळात यायची बंद झाली. तरी पावलं येतच राहिली. म्हणजे ती अन्वीची नव्हती.

मग कुणाची, हे शुभदाने स्वतःला कधी मोठ्याने विचारलं नाही. कारण उत्तर तिच्याकडे होतं.

अन्वीच्या आधी एक होती.

*

शुभदाचे वडील नगरला मिशनच्या शाळेत मास्तर. रविवारच्या उपासनेला पेटी वाजवायचे, भजन रंगलं की डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देवघरातले चांदीचे टाक धडप्यात बांधून सीना नदीत सोडले होते. ही गोष्ट घरात अभिमानाने सांगितली जाई. लहानगी शुभदा मात्र पुलावरून जाताना पाण्याकडे बघायची नाही. तिला वाटायचं, ते सगळे खाली तसेच बसलेत, डोळे उघडे ठेवून, आपल्यातलं कुणी परत येतंय का बघत.

बी.एड. झाली, पद्माकरशी लग्न झालं. तो इंजिनियर. न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली आणि दोघं इथे आले. इथे तिचं बी.एड. कुणी धरलं नाही. ती घरी बसून जर्मन शिकत होती, आणि त्याच वर्षी पहिली मुलगी झाली. जन्मली ती रडलीच नाही.

हॉस्पिटलातल्या नर्सने अगदी हळू विचारलं होतं, नाव काय ठेवताय? सक्ती नाही, पण ठेवायचं असेल तर. पद्माकरने नगरला फोन लावला. सासूबाई फोनवर रडल्या, मग नाक शिंकरून म्हणाल्या, “नाव नका ठेवू रे पद्माकर. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते. हाक मारली की ती मागं वळंल. गुमान जाऊ दे लेकराला.”

सासूबाईंचं मन वाईट नव्हतं. त्यांची स्वतःची दोन गेली होती, बिननावाचीच. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं.

दफनभूमीत मुलांचा एक कोपरा होता. तिथे पाटीएवढा एक दगड बसला. त्यावर आडनाव आणि साल, एवढंच. पुढे अन्वी झाली, आणि ही गोष्ट घरात कुणी काढली नाही. अन्वीला सांगू, मोठी झाल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता अन्वी चौदा वर्षांची झाली.

यंदा फेब्रुवारीत त्या दगडावर पिवळा स्टिकर चिकटलेला दिसला. दफनभूमीच्या कार्यालयाशी संपर्क साधा. शुभदाने तिथूनच फोन लावला.

“थडग्याच्या जागेची मुदत संपली आहे,” पलीकडची बाई म्हणाली. “तो कोपरा सगळाच मोकळा करायचाय, त्यामुळे वाढवून मिळणार नाही. दगड हवा असेल तर एप्रिल संपायच्या आत घेऊन जा.”

“नाही नेला तर?”

“आम्ही विल्हेवाट लावतो.”

“म्हणजे काय करता?”

बाई जरा घुटमळली. “खडी होते. रस्त्याच्या कामाला जाते.” मग आवाज मऊ करून तिने विचारलं, “मला इथे पहिलं नाव दिसत नाहीये. बाळाचं नाव काय होतं?”

“नाही ठेवलं.”

“आख झो,” बाई म्हणाली. असं होय. एवढंच.

संध्याकाळी पद्माकर आला तेव्हा शुभदा पोळ्या लाटत होती. तिने पाठमोरीच सांगितलं.

“अहो, दगड काढणारेत तिचा.”

त्याने बॅग खाली ठेवली नाही. “कुणाचा?” हेही विचारलं नाही.

“मग काढू दे.”

“खडी करणारेत त्याची.”

“शुभदा, देह मातीचा. पुनरुत्थानाला काय दगड लागतो का? तूच सांग, मास्तरांची पोरगी तू.”

“मला पुनरुत्थानाचं काही विचारायचं नाहीये तुम्हाला. दगड आणायचा का, ते विचारतेय. आणि अन्वीला सांगायचं का.”

“आल्झो... म्हणजे, अन्वीला कशाला?” त्याने आवाज खाली आणला. आत अन्वीच्या खोलीत कीबोर्ड चालू होता. “तिची परीक्षा आहे. आणि काय सांगणार? नाव तरी आहे का? कोण होती म्हणून सांगशील?”

शुभदाच्या हातातलं लाटणं थांबलं. हेच तर होतं. एप्रिलच्या शेवटी तो दगड गेला की त्या पोरीचा या जगात मागमूस राहणार नव्हता. ती होती हे जाणणारी दोन माणसं, आणि त्या दोघांकडेही तिला हाक मारायला शब्द नाही.

“तो पांढरा डबा मांडीवर घेऊन मी बसलो होतो गाडीत,” पद्माकर म्हणाला. “तू हॉस्पिटलात होतीस. मला परत तिथे जायचं नाही. जाऊ दे तिला.”

“कुठे?” शुभदाने विचारलं.

तो हात धुवायला गेला, आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

*

मार्चमध्ये जिन्याचं काम निघालं. पायऱ्या हलत होत्या. गवंडी पहारीने एकेक उचलत होते आणि शुभदा त्यांना कॉफी देत होती. तिसरी पायरी उलटी केली, आणि मोठा गवंडी एकदम मागे झाला.

“फ्राऊ चाक्रा, पाळकबाईंना बोलवा.”

पायरीच्या पोटाला अक्षरं होती. चौकोनी, खोल कोरलेली, ओळीत बसलेली.

पाळकबाई, म्हणजे देवळाच्या धर्मगुरू फ्राऊ एबर्ट, धावत आल्या. बघितलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्या इथल्याच, त्यांना सांगायची गरज नव्हती. पाचशे वर्षांपूर्वी शहरातून यहुद्यांना हाकलून दिलं, त्यांची दफनभूमी मोडली आणि तिथले दगड बांधकामाला वापरले. काही शहरात सापडले होते. आता एक इथे निघाला, आपल्याच जिन्यात, तोंड खाली करून.

“म्हणजे इतकी वर्षं...” पाळकबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

इतकी वर्षं मी तिच्या पाठीवर पाय देऊन वर जात होते, असं शुभदाच्या मनात आलं. आणि काही कळायच्या आत ती खाली वाकली, दगडाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकली. नगरला पुस्तकाला पाय लागला तरी करत तसं. दीडशे वर्षं ख्रिस्ती असलेल्या घरातही ती सवय गेली नव्हती. टाक नदीत गेले, पण हात तोच राहिला.

पाळकबाईंनी पाहिलं. “हे काय केलंत?”

“पाय लागला होता,” शुभदा म्हणाली. याहून जास्त तिला जर्मनमध्ये सांगता आलं नाही. मराठीतही आलं नसतं.

दोन दिवसांनी यहुदी मंडळाचे श्रीयुत गुरेविच आले, जर्मनमध्ये ‘हेर’ गुरेविच. ओडेसाहून आलेले, उंच, खोकणारे म्हातारे. बॅटरीचा उजेड तिरका पाडून त्यांनी अक्षरं वाचली.

“स्त्री आहे. वरचा कोपरा फुटलाय, नाव गेलं.” त्यांनी बोट अक्षरांवरून फिरवलं, पण टेकवलं नाही. “‘इसहाकाची मुलगी’ एवढंच उरलंय.”

“किती वयाची?” शुभदाने विचारलं.

“कोरलेलं नाही. मोठी असेल, नाहीतर लहान.” त्यांनी खिशातून एक खडा काढला आणि थडग्यावर फूल ठेवावं तसा दगडावर ठेवला. “आमचा वल्हांडण जवळ आलाय. सण झाला की माणसं आणतो आणि आमच्या दफनभूमीत तिला उभी करतो. तोवर राहील ना इथे?”

“राहील,” पाळकबाई म्हणाल्या. “आणि मग किती वर्षं... म्हणजे तिथे मुदत वगैरे?”

हेर गुरेविच हसले, त्यात खोकले. “आमच्यात थडग्याला मुदत नसते, फ्राऊ एबर्ट. जागा तिची. कायमची. पण आम्हालाच मुदत देणारे लोक फार भेटले.”

दगड बाजूच्या खोलीत, जिथे पाळकबाईंचे झगे टांगलेले असत, तिथे भिंतीला टेकवून ठेवला. जिन्यात तिसऱ्या पायरीच्या जागी एक फळी टाकली.

त्या दुपारी शुभदाने पावलं ऐकली. वरून आली. फळीशी थांबली. आणि मग, पहिल्यांदाच, बाजूच्या खोलीच्या दाराशी.

*

रविवारी दुपारी देऊळ चिनी मंडळीला दिलेलं असे. विद्यार्थी, इंजिनियर, रेस्टॉरंटवाले. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी थांग आजी. चीनमधल्या वेंजोऊची. शेजारच्या फ्युर्टमध्ये तीस-चाळीस वर्षं रेस्टॉरंट चालवून आता मुलाकडे राहणारी, कंबरेतून पार वाकलेली. ‘चाक्रा’ जिभेवर वळेना म्हणून ती शुभदाला ‘चाला’ म्हणे. दोघींचं जर्मन मोडकं, म्हणून दोघींना एकमेकींचं बरोबर कळे.

यंदा ईस्टर आणि चिनी लोकांचा छिंगमिंग एकाच दिवशी आले होते. छिंगमिंगला ते आपल्या पूर्वजांची थडगी झाडतात. इथे थडगी कुठली, सगळी चीनमध्ये. म्हणून मंडळी देवळातच जमून मेलेल्यांची नावं घेत. आदल्या दिवशी थांग आजी फुलं लावायला आली, बरोबर मंडळीचा तरुण उपदेशक वेई. वेई आठवडाभर एका कारखान्यात यंत्रमानव जुळवी आणि रविवारी उपदेश करी. सरळ, मेहनती मुलगा होता.

बाजूच्या खोलीत फुलदाणी घ्यायला गेलेली आजी परत आली नाही. शुभदा बघायला गेली, तर आजी दगडासमोर. ओल्या फडक्याने अलगद, डोळ्यांतली चिपडं काढावीत तशी, अक्षरांतली धूळ टिपत होती. टिपून झाल्यावर तिने दोन्ही हात जोडले आणि वाकली. एकदा, दोनदा.

“आजी!” दारातून वेई म्हणाला. शुभदासमोर ते दोघं जर्मनच बोलत. “आजी, हे नको.”

तिसऱ्यांदा वाकून ती वळली. “काय नको?”

“तुम्हाला माहितेय. फुलं चालतील. उभं राहून प्रार्थना चालेल. वाकायचं नाही.”

“माझी कंबर बघ,” आजी म्हणाली. “मी वाकलेय की उभी आहे, ते देवाला विचार, मला सांग.”

शुभदाला हसू आलं. वेईलाही आलं, पण त्याने ते दाबलं.

“मी चेष्टा करत नाहीये. आज या दगडापुढे वाकलो तर उद्या लोक विचारतील, मग घरी पाट्या मांडल्या तर काय बिघडलं? माझ्या आजोबांना यासाठी गावाने वाळीत टाकलं होतं. मी ते वाया कसं घालवू?”

“पाट्या कसल्या?” शुभदाने विचारलं.

उत्तर आजीने दिलं. “आमच्या घरात लाकडी पाट्या असायच्या. एकेका पाटीवर मेलेल्या एकेका माणसाचं नाव. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनरी साहेब म्हणाला, जाळा. अंगणात जाळल्या. माझे वडील तेव्हा पोर होते. म्हणायचे, लाकूड जुनं, भुरकन पेटलं. नावं वाचायलाही वेळ मिळाला नाही.”

सीनेचं पाणी शुभदाच्या डोळ्यांसमोर हललं.

“मला माझ्या पणजोबाचं नाव माहीत नाही, चाला. त्याच्या बापाचं नाही. पण यहुद्यांची नावं सगळी पाठ! अब्राहामापासून येशूपर्यंत!” आजी खुर्चीवर बसली आणि बोटांवर मोजत नावं घ्यायला लागली, चिनी उच्चारांत. ती शुभवर्तमानाच्या अगदी पहिल्या पानावरची वंशावळ होती. नगरला रविवारच्या शाळेत सगळी पोरं ती उलटून पुढे जायची. “तुम्ही सगळे हे पान टाकता. मला सगळ्यांत हेच आवडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हा येशू चांगल्या घरचा दिसतोय. याची माणसं त्याला माहितेत. माझी तर जळली. मग मी याची घेतली.”

“आजी दर वर्षी हेच सांगतात,” वेई म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

“आणि बघ,” आजीने शुभदाचा हात धरला, “त्या यादीत एक बाई आहे, तिचं नावच नाही. उरीयाची बायको, एवढंच म्हटलंय. लिहिणाऱ्याने नाव नाही लिहिलं. का, कोण जाणे. पण तिला बाहेर नाही ठेवलं! कुणाची ती कोण, एवढं सांगितलं आणि घेतली आत.” तिने मान दगडाकडे वळवली. “ही पण तशीच. इसहाकाची मुलगी.”

शुभदाने हात सोडवून घेतला.

“तुझं कोण आहे, चाला?” आजीने विचारलं. “तू दर वर्षी मागे किल्ल्या घेऊन उभी असतेस. नाव घेत नाहीस. तोंडावरून तर कुणीतरी आहे.”

“कुणी नाही,” शुभदा म्हणाली आणि फुलदाणीत पाणी भरायला गेली. पाणी भरताना तिला वाटलं, आपण आत्ता कुणालातरी दाराबाहेर ढकललं. पुन्हा एकदा.

*

ईस्टरच्या दुपारी चिनी मंडळीची पियानो वाजवणारी मुलगी तापाने पडली. वेईने शुभदाला फोन केला, आणि शुभदाने अन्वीला विचारलं. अन्वीने डोळे फिरवले, “ऑस्टर्न आहे, मामा, एर्न्स्टहाफ्ट?” म्हणाली, म्हणजे ईस्टरलासुद्धा, खरंच का, आणि तरी आली. पद्माकर त्यांना सोडून गाडीतच बसून राहिला. “मी इथेच आहे. घाई करू नका.”

आधी भजन झालं. मग वेईने ती वंशावळ वाचली. नावामागून नाव, चिनी भाषेत. शुभदाला एकही नाव कळत नव्हतं, पण ठेका कळत होता. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. मग एका ठिकाणी ठेका किंचित अडला, आणि थांग आजीने पहिल्या बाकावरून मागे वळून पाहिलं. तिथेच ती असणार. नाव नसलेली.

वाचन संपलं. एकेक जण उठून आपल्या माणसांची नावं घ्यायला लागला. प्रत्येक नावाला मंडळी हळूच ‘आमेन’ म्हणे. बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तो दगड तिथून दिसत होता. त्यावरच्या खड्याशेजारी आता आजीचं पिवळं फूल.

शुभदा नेहमीसारखी मागे उभी होती, किल्ल्या घेऊन. नावं संपत आली. वेईने पुस्तक मिटायला घेतलं.

आणि जिन्यावर पावलं वाजली.

लहान, अनवाणी. वरून धावत. तिने इतर तोंडांकडे पाहिलं. कुणीही वळलं नाही. पावलं फळीशी आली आणि थांबली. तिथून ती पुढे येणार नव्हती. इतकी वर्षं आली नव्हती. कुणी बोलावल्याशिवाय परक्या घरात पाऊल टाकू नये, एवढं वळण तिला आपोआपच होतं.

“एक राहिलं,” शुभदा म्हणाली.

सगळे वळले. तिचा आवाज देवळात केवढा मोठा वाटला!

“नाव नाही तिला. अन्वीची बहीण.”

तिने ते जर्मनमध्ये सांगितलं. जर्मनमध्ये बहीण ती बहीण. वेई चिनी भाषेत सांगायला वळला आणि अडला.

“माफ करा, फ्राऊ चाक्रा. मोठी की धाकटी? आमच्यात दोन वेगळे शब्द आहेत.”

पियानोवरून अन्वी आईकडे बघत होती. तिची बोटं तशीच पट्ट्यांवर टेकलेली.

“आमच्यातही,” शुभदा म्हणाली. “मोठी. ताई.”

वेईने खाली पाहिलं. मग सरळ उभा राहून त्याने स्पष्ट, मोठ्याने सांगितलं, “अन्वीची जिएजिए.” आणि हे सांगताना त्याने मान झुकवली. पुरती कंबरेतून नाही, पण झुकवली. थांग आजीने ते पाहिलं आणि काही बोलली नाही, हे आजीच्या मानाने फार होतं.

“आमेन,” मंडळी म्हणाली.

*

उपासना संपल्यावर अन्वी कुठे दिसेना. शुभदाला ती जिन्यावर सापडली. चौथ्या पायरीवर बसलेली, पाय फळीच्या पलीकडे, दुसऱ्या पायरीवर.

“वेल्शं ताई?” तिचा आवाज घोगरा होता. “कुठली ताई, मामा? वारुम वाइस इश दास निश्त?”

मला का माहीत नाही? शुभदा खालच्या पायरीवर बसली आणि सांगायला लागली. हॉस्पिटल, नगरच्या आजीला लावलेला फोन, पांढरा डबा, पाटीएवढा दगड, पिवळा स्टिकर. क्रम चुकला, मध्येच मागे जावं लागलं.

सांगून झाल्यावर अन्वी म्हणाली, “मला वाटायचं, मी वेडी आहे.”

“का गं?”

“लहानपणी. इथे.” तिने फळीकडे हनुवटीने दाखवलं. “मी तुला सांगितलं होतं. तू हसलीस.”

शुभदाने तिला जवळ ओढलं. अन्वी आली नाही, पण दूरही सरकली नाही. “घरी काही बोलायचंच नाही, अशी तुमची दोघांची सवय,” ती म्हणाली, या वेळी सगळं मराठीत, शब्द शोधत. “मी आतून सगळं ऐकते. फक्त काय ते कळत नाही.”

मग ती उठली, बाहेर गेली आणि गाडीच्या काचेवर टकटक केली. पद्माकर फोनमध्ये बघत होता. त्याने काच खाली घेतली.

“झालं? चला.”

“बाबा, ताईकडे जायचंय.”

पद्माकरने बायकोकडे पाहिलं. शुभदाला वाटलं आता तो चिडेल. त्याने चावी फिरवली, इंजिन चालू केलं, पुन्हा बंद केलं.

“तिथे पार्किंग नसतं रविवारी,” तो शेवटी म्हणाला.

“मग चालू थोडं,” अन्वी म्हणाली.

दफनभूमीत ईस्टरची गर्दी होती, सगळीकडे पिवळी नार्सिसस. मुलांच्या कोपऱ्यातले बरेच दगड आधीच गेले होते, त्यांच्या जागी चौकोनी ओले खड्डे. यांचा अजून होता. पद्माकर लांबच थांबला. मग एकदम पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि नखांनी तो स्टिकर खरवडायला लागला. तो निघेना, फाटत राहिला. अन्वी त्याच्या शेजारी बसली आणि तिनेही एक कोपरा धरला. दोघं खरवडत राहिले, आणि शुभदा त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. बघता बघता तिने पद्माकरच्या तोंडून ऐकलं, फार हळू, “ताईबाई.” एवढंच.

त्याने हाक मारली होती, आणि कुणीही मागे वळलं नाही. वळायला ती पुढे गेलीच कुठे होती!

*

सण संपल्यावर हेर गुरेविच चार माणसं घेऊन आले आणि इसहाकाच्या मुलीला घेऊन गेले. थांग आजी मुद्दाम बसने आली होती. गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. वाकलेली, म्हणजे उभीच. जिन्यात ओकची नवी पायरी बसली.

त्यानंतर शुभदाने पावलं ऐकली नाहीत. दुपारी हातातलं काम टाकून ती जिन्याशी जाऊन उभी राही, कान देऊन. उन्हाचा पट्टा बाकांवरून सरकत जाई, लाकूड कुठेतरी कुरकुरे. एवढंच. आपली सुटका झाली असं तिला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मुलगी सासरी गेल्यावर घर जसं मोठं होतं, तसं देऊळ मोठं झालं होतं.

पाटीएवढा दगड त्यांनी घरी आणला. कुठे ठेवायचा यावरून दोन दिवस वाद झाला. पद्माकर म्हणाला, तळघरात. अन्वी म्हणाली, मुळीच नाही. शेवटी बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी उभा केला. उभाच, आडवा नाही. आडवा असला की कुणी ना कुणी त्यावर पाय ठेवणार, हे आता घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर नवं काही कोरलं नाही.

एके दिवशी शुभदा स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. अन्वी वाळलेले कपडे आणायला बाल्कनीत गेली होती. परत येताना तिच्या दोन्ही हातांत कपड्यांचा ढीग, कानात इयरफोन, ओठांवर कसलंतरी जर्मन गाणं. बाल्कनीचं दार अरुंद. दाराशी ती थांबली, भिंतीला चिकटून बाजूला झाली, कुणालातरी आत यायला वाट दिली.

“सॉरी, ताई,” ती सहज म्हणाली, आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुढे गुणगुणत कपडे घेऊन आत गेली.

शुभदाने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. तिला मागे वळून बघायचं होतं. पण ती वळली नाही. तिने फक्त पायाने शेजारची खुर्ची जराशी बाहेर सरकवली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.